काकूंच्या मांडणीवरचे डावे बूट

लॉजवाल्या काकूंचा जगातल्या कोणत्याही माणसावर विश्वास नाही आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवून ठेवलेली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्या औषधाच्या दुकानात पुन्हा एकदा विचारून घेतात. बसस्टँडवरचं घड्याळ स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतात आणि फरक पडला तर बसस्टँडला नावं ठेवतात. त्यामुळे 'परक्यावर टाकलेल्या भरवशाचं प्राचीन प्रतीक' अशा ओळीखाली त्यांचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा गल्लीत आधी जोरात हशा झाला. मग काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हशा थांबला.

त्यांच्या लॉजसमोर माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. अक्षर बरं असल्यामुळे गल्लीतले अर्ज माझ्याकडेच लिहायला येतात. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या टेबलावर, खळीच्या भांड्याशेजारी घडलं, म्हणून ते मला माहीत.

लॉज बसस्टँडपासून तीन मिनिटांवर. खाली तीन खोल्या, वर चार. डोंगराच्या वाटेला लागण्यापूर्वी पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेली परदेशी मंडळी गावात दोन-तीन दिवस टेकतात, त्यांच्यावर हे लॉज चालतं. लग्नाआधी काकू एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेखान्यात होत्या. तिथे रोज सहाशे चादरी मोजून द्यायच्या आणि सहाशे मोजून घ्यायच्या, हे काम त्यांनी नऊ वर्षं केलं. पाचशे अठ्ठ्याण्णव परत आल्या तर उरलेल्या दोन कुठे गेल्या हे शोधेपर्यंत घरी जायचं नाही. माणसाचा स्वभाव अशा ठिकाणी घडतो. लॉजमधल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात आजही लाल दोऱ्यानं खोलीचा नंबर शिवलेला आहे आणि पाचची चादर सहामध्ये दिसली तर काकूंना रात्रीचं जेवण गोड लागत नाही.

लॉज सुरू केलं त्यांच्या यजमानांनी. यजमान हौशी होते. कुठल्याशा सरकारी गोदामाच्या लिलावात त्यांनी सात पितळी कुलपं घेतली. एकेक कुलूप अर्ध्या किलोचं, आणि प्रत्येकाला एकच किल्ली. गावातल्या किल्लीवाल्यानं ती कुलपं उलटसुलट करून पाहिली आणि हात जोडले. "काका, याची दुसरी किल्ली करायची तर आधी माझा आजा परत आणावा लागेल." यजमानांना त्यात कुलपांचा गौरव वाटला. पुढे ते गेले आणि सात कुलपं, सात किल्ल्या आणि एक मुलगा काकूंच्या वाट्याला आला. मुलगा जहाजावर लागला. किल्ल्या घरीच राहिल्या, पण फार दिवस नाही.

पाठपिशवीवाला प्रवासी चोर नसतो. तो विसरभोळा असतो आणि त्याच्या पँटला अकरा खिसे असतात. सकाळी सहाची बस, धावपळ, निरोपाचे फोटो, आणि किल्ली खिशातून सीमेपार. एका वर्षात चार गेल्या. दर वेळी सुतार यायचा, कोयंडा उचकटायचा, दाराला नवा घाव पडायचा. एक किल्ली दीड वर्षानं तिसऱ्याच देशातून पोस्टानं आली. सोबत माफीचं पत्र आणि एक शिंपला. तोवर त्या कुलपाचं मोडीत वजन झालेलं होतं. शिंपला काकूंनी फेकून दिला.

त्या पोलीस चौकीत गेल्या होत्या. उचकटलेला कोयंडा पुरावा म्हणून पिशवीत घेऊन गेल्या होत्या. तिथल्या जमादारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किल्लीच नेली ना, बाई? खोली तर ठेवून गेला?" चौकीतले पाचही जण हसले. काकू कोयंडा परत पिशवीत टाकून घरी आल्या. पाहुण्यांचे पासपोर्ट ठेवून घ्यावेत म्हटलं, तर ते बेकायदेशीर आहे असं त्याच चौकीनं कळवलं.

उरलेली कुलपंही बदला, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "कुलपांत काय खोट आहे?" काकू म्हणाल्या. "खोट माणसांत आहे."

आणि मग त्यांना बूट सुचला. खोल्या झाडताना दाराबाहेरचे ते चिखलाचे जोड त्या रोज उचलून बाजूला ठेवत असत. या मंडळींकडे बुटांचा एकच जोड असतो, जड, महागडा, पायाला मुरलेला. गावात ते रबरी चपला घालून हिंडतात. बूट लागतात डोंगरावर. म्हणजे किल्ली देताना एक बूट ठेवून घ्यायचा आणि किल्ली परत आली की बूट परत द्यायचा. एका बुटानं कोणी डोंगर चढत नाही आणि देशही सोडत नाही. जिन्याखाली काकूंनी सुताराकडून मांडणी करून घेतली, फळीवर नंबर घातले, बुटाला सुतळीनं पत्र्याचा बिल्ला बांधायचा. नऊ वर्षांत एकही किल्ली गेली नाही. निव्वळ संशयावर उभी असलेली आणि कुणालाही न दुखावणारी अशी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. सरकारं याहून कमी कल्पकतेवर चालतात.

मग ते तिघे आले.

तिघे शाळेपासूनचे मित्र. एक उंच, एक बुटका, एक चष्मेवाला. एक प्राथमिक शाळेत शिकवायचा, एक घरांना विजेची वायरिंग करायचा, तिसऱ्यानं विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली होती. अकरा देश हिंडायचे ठरवून निघालेले, त्यातला हा सहावा. त्यांच्याजवळ एक वही होती. प्रत्येक देशात काय करावं आणि काय चुकूनही करू नये, ते तिच्यात लिहिलेलं. एका ठिकाणी ताट स्वच्छ केलं तर यजमानाला वाटतं पाहुणा उपाशी राहिला; दुसऱ्या ठिकाणी घासभर टाकलं तर त्याचा अपमान होतो. बुटक्यानं या दोन देशांची अदलाबदल केल्यामुळे तो आठवडाभर आजारी होता. अशी ही जीव ओतून नम्र असलेली मंडळी. बँकेत शिरतानाही त्यांनी चपला बाहेर काढल्या, आणि पहारेकऱ्यानं त्या आणून आत दिल्या.

काउंटरवर काकू आणि शेजारी सूनबाई. सूनबाईला दोन परदेशी भाषा येतात, म्हणून पाहुण्यांशी बोलणं तिच्याकडे. मुलगी हुशार, कामसू, आणि एकच खोड: भिडस्त. रस्त्यात कुणाचा धक्का लागला तरी हीच माफी मागते.

काकूंनी किल्ली काढली आणि हात पुढे केला. "बूट."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं वही काढली आणि सूनबाईला काहीतरी विचारलं.

"आई, ते विचारताहेत, बूट कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? किल्ली घेऊन पळू नयेत म्हणून. सांग त्यांना."

तेवढ्यात उंचानं आपल्या बुटाची नाडी सोडलीसुद्धा होती आणि तो बूट दोन्ही तळव्यांवर धरून उभा होता, चेहरा असा की जणू बक्षीस घ्यायला बोलावलंय. सूनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती बोलली. बरंच बोलली.

"एवढं लांब?" काकू म्हणाल्या.

"त्यांच्या भाषेत लांबच होतं, आई."

चष्मेवाला लिहून घेत होता. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला.

"डावाच का, म्हणताहेत."

"उजवा त्यांच्याकडे राहतो म्हणून. दोन्ही घेऊन मी काय करू, दुकान काढू?"

हेही सूनबाईनं सांगितलं. तिघांनी माना हलवल्या. उंचाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं वाटलं, पण काकूंनी ते प्रवासाच्या धुळीवर घातलं. चार दिवस राहून तिघे गेले. जाताना मांडणीसमोर बराच वेळ वाकून उभे होते. काकूंना वाटलं, नाड्या बांधताहेत.

दोन महिन्यांनी पहिली पाहुणी आली जिनं मागण्याआधीच बूट काढून हातात धरला होता. मग दुसरा आला. मग जो येईल तो. डोळे मिटून बूट देऊ लागले. एकीनं बुटात फूल ठेवून दिलं.

"हे काय?" काकूंनी फूल चिमटीत धरून विचारलं. "वास जायला?"

एकानं बुटात चिठ्ठी घातली होती. काकूंनी ती तक्रार समजून सूनबाईकडून वाचून घेतली. 'हे घरा, मी परत येईन,' असं लिहिलं होतं. "येशील रे," काकू म्हणाल्या, "किल्ली दिल्याशिवाय जाणार कुठे?"

प्रकरण लॉजबाहेर गेलं, लॉजवर पोचण्याआधीच पाहुणे जिथेतिथे बूट काढू लागले, तेव्हा मात्र गंमत संपली. एका तरुणानं शर्टाला बटण लावून घ्यायला शिंप्याकडे जाताना आपला डावा बूट त्याच्या मशीनवर नेऊन ठेवला. शिंप्यानं तो खाली ठेवला, त्यानं वर ठेवला. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघी मैत्रिणी एकेक बूट टेबलावर ठेवून एक पाय अनवाणी घेऊन बसल्या. डॉक्टरीणबाई संध्याकाळी लॉजवर आल्या. "काकू, तुमच्या पाहुण्यांना काय शिकवलंय? माझ्या टेबलावर दातांचे साचे असतात." काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांना बोलणं ऐकवणारा माणूस अजून जन्मायचा होता.

शेवटी एका पाहुण्याच्या मोबाईलवर उगम सापडला. त्या तिघांनी आपली वही पानापानानं जगासमोर ठेवली होती. सूनबाईनं ते वाचून दाखवलं, पण ती मधेमधे अडखळत होती आणि मान खाली होती. 'या गावात घर पाहुण्याचं डावं पाऊल ठेवून घेतं, म्हणजे तो कुठेही गेला तरी निम्मा घरीच असतो. उजवं पाऊल जगात हिंडतं. आम्ही सहा देश पाहिले; परक्यावर इतका भरवसा कुठेच पाहिला नाही.'

"भरवसा?" काकू म्हणाल्या. त्यांनी सात नंबरची चादर तीनदा घडी करून तीनदा उलगडली.

समोरच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलचे शेठ मात्र भाबडे नव्हते. त्यांच्याकडे किल्ल्याच नाहीत. दारं कार्डानं उघडतात. तरीही महिन्याभरात त्यांनी दर्शनी भागात काचेचं कपाट केलं, आत मखमली उशा, प्रत्येक उशीवर एक डावा बूट, वर छोटा दिवा. प्रथा किती जुनी, असं पाहुण्यानं विचारलं की शेठ क्षणभर छताकडे बघत. "चारशे वर्षं," म्हणत. छतावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"माझी नऊ वर्षं," काकू मला म्हणाल्या, "आणि त्याची चारशे. अन् त्याच्याकडे किल्लीसुद्धा नाही."

काकूंचा तो फोटो वर्तमानपत्रात आला तोही तेव्हाच, आणि हे सगळं पर्यटन कचेरीच्या कानावर गेलं. एका सकाळी तिथले साहेब आले. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, बोलणं मधाळ. त्यांच्याकडे दोन बातम्या होत्या. पहिली अशी की नवीन नियमाप्रमाणे लॉजचा जिना किमान तीन फूट रुंद हवा. काकूंचा जिना दोन फूट आठ इंच, दोन्ही बाजूंना भिंती, वाढवायला जागा नाही. म्हणजे वरच्या चार खोल्यांचा परवाना महिनाअखेर संपणार.

"आणि दुसरी?" काकूंनी विचारलं.

"दुसरी आनंदाची, काकू. 'परंपरागत आदरातिथ्य गृह' म्हणून यादीत नाव आलं तर जिन्याला सूट मिळते. तुमचं नाव तर पहिलंच येईल. एवढा फॉर्म भरायचा."

काकू काही म्हणणार तेवढ्यात एक नवी पाहुणी बाहेरून आली, किल्ली मागितली. काकूंनी डाव्या हातानं बूट घेतला, उजव्या हातानं किल्ली दिली, बिल्ला बांधला, बूट फळीवर ठेवला. एकूण वेळ अर्धं मिनिट.

साहेबांनी ते मन लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "रागावू नका काकू, पण तुमची पद्धत जराशी चुकते."

"कसली?"

"बूट घ्यायची. दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. आणि थोडं हसून. समोर शेठकडे बघा, त्यांची मुलं किती सुंदर करतात."

माझ्या दुकानातून मला हे सगळं ऐकू येत होतं. काकूंनी साहेबांना शांतपणे खुर्ची दिली, पाणी दिलं, फॉर्म घेतला आणि रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आल्या. मागून सूनबाई. साहेब पाण्याचा पेला हातात धरून तिथेच राहिले.

"वाचा, बाइंडरभाऊ," काकू म्हणाल्या.

मी वाचलं. रकाना एक: प्रथेचं नाव. दोन: किती पिढ्यांपासून, किमान तीन. तीन: प्रथेमागची भावना. चार: प्रथा सुरू करणाऱ्या मूळ पुरुषाचं नाव.

"चौथं परत वाचा."

"मूळ पुरुषाचं नाव."

"ते पुरुषच छापलंय?"

"छापलंय."

काकू स्टुलावर बसल्या. "म्हणजे कुणाला घालायचं? यजमानांना? कुलपं आणून ठेवली, तेवढंच त्यांचं काम. का सासऱ्यांना? माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एक वस्तू जागेवर ठेवली नाही. त्यांचे स्वतःचे बूट अंगणभर पडलेले असायचे, ते मी गोळा करायचे. आणि आता माझी मांडणी त्यांच्या नावावर चढवू?"

"आई, नाव कुणाचं का असेना," सूनबाई म्हणाली. "कागदच तर आहे. चार खोल्या वाचतात."

"नाव कुणाचं का असेना, हे ज्याचं नाव जात नाही त्यानं म्हणावं. चौकीत पाच बाप्ये मला हसले तेव्हा कुणाची परंपरा आली होती माझ्या मदतीला? कोयंडा घेऊन मी गेले होते. घरी येऊन डोकं मी चालवलं. सुताराला माप मी दिलं. त्यात भरवसा कुठे होता, पूर्वज कुठे होते? मला राग होता, तेवढाच होता. आता तो शेठ माझ्या रागाला मखमल लावतो, हा साहेब मला हसायला शिकवतो, आणि फॉर्म म्हणतो पुरुषाचं नाव लिहा."

सूनबाई पुठ्ठ्यांच्या थप्पीपाशी उभी होती. तिनं वरचा पुठ्ठा सरळ केला, मग त्याखालचा.

"ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाऊल ठेवून घेतो ते. त्या तिघांना. तुम्ही म्हणालात पळू नयेत म्हणून, आणि मी म्हटलं, पाहुण्याचं एक पाऊल आमच्या घरी राहतं, म्हणजे तो परत येतो."

"आणि उजवा?"

"उजवा जगात हिंडतो म्हटलं."

मी दाबयंत्राचा दांडा एकदा फिरवला, कारण काहीतरी करणं भाग होतं.

"मला लाज वाटली, आई. इतके चांगले होते ते. कुणाच्या घरी आपल्याकडून चूक होऊ नये म्हणून वही घेऊन फिरत होते. त्यांना तोंडावर कसं सांगायचं, तुम्ही चोर आहात म्हणून?"

"चोर कोण म्हणालं? किल्ली नेतात म्हणाले मी. चोराला निदान आपण काय नेतोय हे ठाऊक असतं."

"खरं सांगितलं असतं तर थांबले असते का?"

"बूट माझ्याकडे होता. जातात कुठे?"

सूनबाईला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही, आणि भिडेपोटी तिनं दोन्ही आवरलं. पण या वेळी ती गप्प बसली नाही. "तुमचं खरं आहे, मान्य. पण वरच्या खोल्या गेल्या तर तीन खोल्यांवर काय चालणार? ह्यांनी जहाज सोडून घरी यायचं म्हटलं होतं पुढच्या वर्षी. वरच्या खोल्या असल्या तर येतील. तुम्हाला नको का मुलगा घरी? एका रकान्यात तुमच्या सासऱ्यांचं नाव लिहिलं तर कोण मरतंय?"

हा मुद्दा बिनतोड होता आणि काकूंना तो तसाच लागला. त्या खिडकीतून आपल्या लॉजच्या वरच्या मजल्याकडे बघत राहिल्या. चार खिडक्या, प्रत्येकीत वाळत टाकलेले कुणाचे तरी मोजे. मुलगा वर्षातून दोन महिने घरी असतो. निघतो त्या दिवशी काकू त्याची बॅग पुन्हा एकदा उघडून बघतात, काही राहिलं नाही ना म्हणून.

"तो आला तर तुझ्यासाठी येईल, चार खोल्यांसाठी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि खोल्यांसाठी येणार असेल तर आल्यावर या मांडणीसमोर उभा राहून लोकांना सांगेल, आमच्या आजोबांनी सुरू केलं. माझ्यासमोर सांगेल, आणि मला मान डोलवावी लागेल. रोज. ते मला जमायचं नाही गं. लिहा, बाइंडरभाऊ."

मी टाक उचलला.

"प्रथेचं नाव: बूट ठेवून घेणे. पिढ्या: एक, चालू आहे. भावना: संशय."

"नुसतं संशय?"

"मग काय गोड संशय लिहिता? संशय लिहा. आणि मूळ पुरुष कापा. वर लिहा: बाई. तिथे माझं नाव."

मी सुवाच्य लिहिलं. सरकारी रकान्यात 'संशय' हा शब्द इतक्या मोकळेपणानं पहिल्यांदाच बसला असावा. एरवी तो फॉर्म तपासणाऱ्यांच्या बाजूला असतो. काकूंनी सही केली, रस्ता ओलांडला आणि फॉर्म साहेबांच्या हातात दिला.

साहेब उभ्यानं वाचत गेले. "असं चालत नाही, काकू. एका माणसाची सवय म्हणजे परंपरा होत नाही."

"किती माणसांची होते?"

"तीन पिढ्यांची."

"मग मी गेल्यावर दोन पिढ्यांनी या."

साहेब दुखावले. त्यांना खरोखरच मदत करायची होती. मदत करणाऱ्याला नकार दिला की तो जितका चिडतो तितका शत्रूही चिडत नाही. महिनाअखेरीस दोन माणसं आली आणि त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पट्टी ठोकून लाखेची मोहोर लावली. त्याच दुपारी शेठच्या हॉटेलवर पितळी पाटी बसली: 'परंपरागत आदरातिथ्य गृह'. टाळ्या ऐकू येत होत्या. काकू गाद्या मोजत होत्या. वरून चार गाद्या, आठ उशा, सोळा चादरी खाली आल्या होत्या, आणि त्या सगळ्या खालच्या तीन खोल्यांत मावेनात, म्हणून काही माझ्या दुकानाच्या माळ्यावर आल्या. सूनबाई सासूशी कामापुरतंच बोलत होती. कामं मात्र दोघींनी मिळून केली. गादी एकटीला उचलत नाही.

चौथ्या दिवशी काकू पुन्हा माझ्याकडे आल्या, एक फळी घेऊन. "पाटी करून द्या. तिच्या त्या भाषेत. मजकूर ती सांगेल."

सूनबाई मागेच होती. मी रंग कालवला. काकूंनी मजकूर सांगितला: 'किल्ली नेली जाऊ नये म्हणून डावा बूट ठेवून घेतला जाईल. यात दुसरा अर्थ नाही.'

सूनबाईनं तो उतरवून दिला. काकूंनी शब्द मोजले. "आपले चौदा. हिचे एकोणीस. पाच कुठून आले?"

"भाषाच तशी आहे, आई. शपथ."

काकूंनी सुनेकडे जरा वेळ पाहिलं. नंतर मला म्हणाल्या, "रंगवा."

पाटी काउंटरच्या मागे लागली. ओली असतानाच दोघी मैत्रिणी आल्या, पाठीवर डोक्याच्याही वर गेलेल्या पिशव्या, बूट आधीच हातात, दोन्ही तळव्यांवर. त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. एकीचा चेहरा उतरला. तिनं मोबाईल काढून पाहिला, मग पाटीकडे पाहिलं, आणि सूनबाईला हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

सूनबाईनं पाटीकडे पाहिलं. मी पाटीखालचा रंगाचा ओघळ पुसत होतो.

"म्हणते, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

"सांग, नाही."

सूनबाई त्या मुलीकडे वळली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं एकच शब्द सांगितला, त्यांच्याही भाषेत आखूडच होता.

मुलीनं मोबाईल खिशात टाकला. मग तिनं बूट एका हातात धरला, नाडीला लोंबता, जसा बूट धरतात तसा, आणि काउंटरवर ठेवला. काकूंनी तो उचलला, तळ पाहिला, चिखल होता. त्यांनी सुतळी तोडली, बिल्ला बांधला आणि किल्ली पुढे सरकवली.

"दोन नंबर," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांग, आंघोळीला गरम पाणी नऊपर्यंतच."

सूनबाईनं तेही सांगितलं.